गणूने वाटलेले पेढे

शुक्रवार, १४ जून

नोप पोरगी नाही!

आज कळलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊदे, वाचणार कोण आहे.

चार महिने झाले, गणू आला की नोपचंच चालू. नोपने डबा दिलाय, नोपला आपला ठेचा आवडला, नोपकडून छोटीला खाऊ. दोघं इकडे दुबईत, देऱ्याला एका थाई हॉटेलात कामाला. गणू भाजी चिरतो, नोप मोठ्या कढईवर. मी म्हटलं असूदे थाई तर थाई, माझा भाऊ इतका हसायला लागलाय. आईच्या गळी कसं उतरवायचं एवढाच घोर होता मला. काल मीना बाजारातून बांगड्या पण आणल्या. काचेच्या, हिरव्या, एक डझन. आज गणूच्या हातात दिल्या, म्हटलं तिच्या मापाच्या होतात का बघ.

गणू खालीच बसला. बांगड्या मांडीवर. म्हणाला, "ताई, नोप बाप्या आहे."

मी म्हटलं, मग या बांगड्या कोणाला? असं विचारलं मी, वेड्यासारखं. तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. मग समजलं.

पहिलं काय केलं तर एसी फुल केला. आवाज व्हावा म्हणून. आमची एकच खोली, पलीकडच्या खोलीत मैमुनाबी आणि तिचा नवरा, किचन दोघांत एक. भिंत अशी की मैमुनाबी शिंकली तर इकडे आमची छोटी मिहिका दचकते.

गणू काय काय सांगत होता, मला ऐकूच येत नव्हतं. मला जेल दिसत होती. इकडे असलं कळलं तर आधी जेल, मग डिपोर्ट. आणि आमचं काय? आमचा दोघींचा व्हिसा यांच्या नावावर. मी अनुराधा मॅडमकडे पोळ्या करते ते पण चोरून, माझा व्हिसा कामाचा नाही. नुसती पोलिसाची गाडी दिसली तरी मी पोरीला कडेवर घेऊन समोरच्या दुकानात शिरते. अशा बाईला हा हे सांगतो!

यांना सांगायचं नाही, एवढंच बोलले. गणू हो म्हणाला.

शनिवार, १५ जून

आईचा फोन. गणूला स्थळ आलंय, चिपळूणकडचं. शुभ्रा नाव. बारावी झालीय. फोटो पाठवला.

चांगली आहे पोरगी. फोटोत मोकळी हसते. बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

मग मनात आलं, लग्न लावून दिलं तर सुटेल का हा यातून? लोक असंच करत असतील ना?

रविवार, १६ जून. बकरी ईद

घेऊन आला त्याला! विचारलं नाही, काही नाही. दार उघडलं तर गणू आणि मागे हा. बुटका, गोल तोंडाचा, हातात आंब्यांची पिशवी. "नमस्ते दीदी," म्हणाला. हिंदी हॉटेलात शिकलाय, निम्मी शिव्यांची. त्याला माहीतच नाही त्या शिव्या आहेत ते. यांना 'क्या रे कमीने, कैसा है' असं विचारलं अगदी अदबीने. हे इतके हसले की ठसका लागला.

मी मात्र दाराकडे कान लावून. मैमुनाबी मटण घेऊन आली, तिने पण त्याला बघितलं. कोण गो हा? गणूचा दोस्त. बरं, म्हणाली आणि त्याच्या ताटात दोन तुकडे जास्त घातले.

मैमुनाबी खेडची. आमच्यासारखीच बोलते. तिच्यापुढे लपवणं जास्त अवघड.

जेवण झाल्यावर नोप उठून भांडी घासायला लागला. हे म्हणाले, अरे मेहमान है तू. तो म्हणाला, मम्मी मारेगी. त्याच्या आईची नूडल्सची गाडी आहे तिकडे गावात.

गणूने मला किचनमध्ये गाठलं. म्हणाला, मंगळवारी त्यांच्या देशात मतदान आहे, मोठ्या लोकांचं, वरच्या सभेत. खालच्या सभेत झालंय पास. हे पण झालं की बाप्या-बाप्याचं लग्न कायद्याने. मग राजाची सही, मग चार महिने, मग चालू. गणूचा इकडचा कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतो. तीस तारखेला तो नोपबरोबर तिकडे जाणार. तिकिटं काढली.

मी म्हटलं, आणि आईला?

म्हणाला, तिकडून सांगेन. इकडून बोलायची भीती वाटते.

भीती त्याला पण वाटते तर. मला वाटलं मलाच.

सोमवार, १७ जून

काही सुचत नाही. भातात मीठ दोनदा. हे म्हणाले, समुद्र आणलास घरी?

मंगळवार, १८ जून

आज सगळं झालं. चांगलं पण, वाईट पण. वाईट मी केलं.

सकाळी मॅडमकडे. ईदची सुट्टी म्हणून प्रकाश साहेब घरात. पुण्याचे आहेत, बँकेत मोठे. त्यांची इरा, पंधरा वर्षांची, टेबलावर मोबाइल उभा करून बसलेली. मी पोळ्या लाटत होते, मिहिका माझ्या पायाशी कणकेचा गोळा घेऊन. मान वळवली तर मोबाइलमध्ये माणसंच माणसं. रस्ता भरून. सात रंगांचे झेंडे. मला लगेच कळलं कुठलं ते. लाटणं थांबलं माझं.

साडेबाराच्या सुमारास इरा ओरडली, "फायनली!" एकशे तीस बाजूने, चार विरोधात. चारच! मी मनात म्हटलं, ते चार जण आमच्या गावचे असणार.

लोक रडत होते त्यात. एक म्हातारी, आमच्या आईएवढी, दोन बाप्यांच्या मध्ये उभी, दोघांचे हात धरून. तिचा फोटो मोठा करून बघावासा वाटला, पण इरा पुढे सरकवत होती.

साहेब सोफ्यावरून म्हणाले, कसली लग्नं चालली आहेत? इराने सांगितलं. ते म्हणाले, आपल्या कल्चरमध्ये नाही बसत हे. इरा म्हणाली, "बाबा, नोबडी आस्क्ड यू." मॅडम आतून धावत आल्या, इरा हळू, खिडकी उघडी आहे. चौदावा मजला! मला जरा बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या बाईला पण भीती वाटते.

साहेबांना गंमत सुचली. मला म्हणाले, काय संजना, तुमच्या गावात चालेल का असलं? मी तव्याकडे बघत म्हटलं, पोळी करपली साहेब. खरंच करपली होती.

मग साहेब गेले आत. मॅडम पोळ्यांना तूप लावायला माझ्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या ऑफिसात आहे एक मुलगा, मुंबईचा. सगळ्यांना माहीत आहे, कोणी काढत नाही विषय. डबा माझ्याबरोबरच खातो. एवढं बोलून तूप लावत राहिल्या. का सांगितलं मला? माझ्या तोंडावर दिसत होतं काय?

खाली आले. बिल्डिंगखाली सलून आहे, तिथे थाई पोरी कामाला. तिघी किराणा दुकानात उभ्या, आइस्क्रीम घेत होत्या. एकमेकींना मिठ्या मारतायत, हसतायत, एकीचं काजळ पार गालावर. दुकानवाला मल्याळी, त्याने विचारलं, क्या हुआ, ईद का खुशी? त्या म्हणाल्या, येस येस, ईद ईद! आणि अजून हसल्या. मिहिकाच्या हातात पण एक आइस्क्रीम दिलं. मी नको नको म्हणत होते, पण घेतलं. रस्ताभर मिहिका चाटत होती आणि मी उगीच हसत होते. उन्हाने डोकं फिरलं असेल.

संध्याकाळी हे आले. जबल अलीच्या गोडाउनला ईदची पण ड्युटी होती. कंपनीच्या बसमध्ये दीड तास हाच विषय, म्हणाले. कोणी रील दाखवलं, दोन नवरे हार घालून. हे म्हणाले, मी म्हटलं मग भाकऱ्या कोण थापणार? सगळी बस हसली. मला सांगताना परत हसले.

मग बूट काढत म्हणाले, तो सुपरवायझर बोलला, असल्यांना उलटं टांगलं पाहिजे. यांनी त्याला सुनावलं, तुझं काय खाल्लं त्यांनी? गप बसला.

मी यांच्याकडे बघितलं. पण हे पाणी मागत होते.

तेवढ्यात बेल. गणू! मंगळवारचा कधी येत नाही. सोनापूरच्या लेबर कॅम्पातून दोन बस बदलून आलेला, शर्ट घामाने ओला, हातात करामाच्या मिठाईवाल्याचे दोन डबे. पेढे. खाली वॉचमनला देऊन आला होता, लिफ्टमधल्या माणसांना देऊन आला होता. मिहिकाच्या तोंडात एक, यांच्या हातात दोन. मैमुनाबी किचनमधून बाहेर आली, तिला अख्खी मूठभर. असा गणू मी कधी बघितला नाही. बारावी पास झाला तेव्हा पण असा नव्हता.

मैमुनाबीने विचारलं, "कशाचे रे पेढे?"

गणूने तोंड उघडलं. तो सांगणार होता. मला दिसलं ते त्याच्या तोंडावर. आनंदात माणसाला कळत नाही आपण कुठे उभे आहोत ते. मी मध्येच बोलले. म्हटलं, लग्नाचं ठरतंय.

हे म्हणाले, "शुभ्राचं? हो म्हणालास तू?"

गणू माझ्याकडे बघत राहिला. मैमुनाबी माझ्याकडे, हे माझ्याकडे.

मी म्हटलं, हो.

झालं. यांनी गणूला उचललाच. पेढा तोंडात असतानाच पॅसेजमध्ये जाऊन आईला फोन. पोरगा तयार झाला, पेढे पण वाटले. पाच मिनिटांत चिपळूणला कळलं असणार. आमच्यात पेढा वाटला की ठरलं. वाटलेला पेढा कोणी परत मागत नाही.

गणू लगेच निघाला. लिफ्टपाशी फक्त एवढं म्हणाला, "आजचा दिवस तरी ठेवायचास ताई."

बुधवार, १९ जून

आई सकाळपासून तीनदा. रडतेय आनंदाने. बाप गेल्यापासून आमच्या घरात काही चांगलं झालंच नव्हतं, म्हणते. सुपारी शुक्रवारी फोडायची, वटपौर्णिमा आहे, दिवस चांगला. मुलीचा बाप, मामा, सगळे आमच्या घरी येणार. तुम्ही तिघं मोबाइलवर. "जावईबापूंनी सांगितलंन तेव्हाच मी देवाला नारळ दिला," म्हणाली.

मी हो हो करत होते.

गणूने चार वेळा फोन कट केला. पाचव्यांदा उचलला. म्हणाला, शुक्रवारी मीच सांगतो सगळ्यांसमोर खरं काय ते. मी म्हटलं, बाबा तुझ्या पाया पडते. कोणीतरी रेकॉर्ड करणार, कोणीतरी ग्रुपवर टाकणार. आपले अर्धे गाववाले इकडेच कामाला आहेत. तीस तारखेआधी कोणी तक्रार केली तर?

मग म्हणाला, मग त्या मुलीला फसवू?



गुरुवार, २० जून

शुभ्राने फोन केला. स्वतःहून. "ताई, मी शुभ्रा," म्हणाली आणि पुढे काही सुचेना तिला. मग, गणूजींना काय आवडतं जेवायला? मी सांगितलं कुळीथाची पिठी. तोंडाला येईल ते सांगितलं.

मग हळूच विचारलं तिने, लग्नानंतर नर्सिंग करू देतील का? रत्नागिरीला नंबर लागलाय. सोमवारी फी भरायचा शेवटचा दिवस. बाबा म्हणतायत आता कशाला. पोरगा दुबईला आहे.

मी म्हटलं, बघू हं. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मिहिका दार वाजवत होती.

मला पण अठराव्या वर्षी कोणी विचारलं नव्हतं. पेढे आले, मी पण एक घेऊन खाल्ला. माझ्या नशिबाने हे बरे निघाले. पण बरं निघणं वेगळं. शुभ्राला तर बरं निघायची सोयच नाही. गणू काय करणार बिचारा, तो वाईट थोडाच आहे. दोघं दोन भिंतींकडे तोंड करून म्हातारी होतील.

संध्याकाळी मॅडमनी गाडीतून बर दुबईला नेलं, देवळाच्या गल्लीत. वडाची फांदी आणायला. संपल्या होत्या! एक सुकलेली उरलेली, पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये, आणि पानं तीन. मॅडम म्हणाल्या, राहू दे, मी प्रिंट काढते. त्यांच्या घरी आल्यावर इराने कॉम्प्युटरवरून वडाचं झाड काढून दिलं, रंगीत. मला विचारलं, यू आस्क फॉर सेम हसबंड सेव्हन टाइम्स? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "व्हॉट इफ ही डझन्ट वॉन्ट टू?" मॅडम हसल्या. मला थोडंच कळलं, पण जे कळलं ते घरापर्यंत डोक्यात राहिलं.

शुक्रवार, २१ जून. वटपौर्णिमा

लिहून ठेवते. नंतर विसरायला नको मी काय बोलले ते.

यांनी खास सुट्टी टाकलेली. इस्त्रीचा शर्ट. गणू आला, दाढी वाढलेली, यांनी त्याला पहिलं दाढी करायला पाठवलं. मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. तिकडे आमच्या ओटीवर सगळे बसलेले. आई नव्या साडीत. शुभ्राचा बाप टोपी घालून. मध्ये पाट, पाटावर सुपारी, मामाच्या हातात अडकित्ता. शुभ्रा मागे दारात, अर्धीच दिसत होती.

मामा म्हणाला, मग फोडू का? हे म्हणाले, शुभस्य शीघ्रम. गणूने श्वास घेतला. तो बोलणार होता, मला कळलं.

मी त्याच्या आधी बोलले. "थांबा मामा. सुपारी फोडू नका."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. असल्या बैठकीत मी कधी चहा ठेवण्यापलीकडे काही बोलले नाही. सगळे थांबले. मी म्हटलं, गणूने होकार दिलेलाच नाही. पेढे दुसऱ्या गोष्टीचे होते. मी खोटं सांगितलं. त्याची चूक नाही, यांची पण नाही. माझी एकटीची आहे.

शुभ्राच्या बापाने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, पोरीत काही खोट आहे का?

मी म्हटलं, "काका, खोट माझ्यात आहे. तिच्यात काही नाही. तिचा नर्सिंगला नंबर लागलाय, सोमवारी शेवटचा दिवस आहे. तिला पाठवा."

दारातली शुभ्रा पुढे आली थोडी. तिचं पूर्ण तोंड दिसलं.

मग आई. "संजे, चार माणसांत माझं तोंड काळं केलंस." आणि फोन बंद.

यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, एसी चालू असून. मला वाटलं आता हात उठतो. कधी उठला नाही, पण आज उठेल वाटलं. हे गणूकडे वळले. "मग पेढे कशाचे?"

गणूने सांगितलं. मी अडवलं नाही यावेळी. हळू आवाजात, खाली बघून, सरळ. नोप. मंगळवारचं मतदान. तीस तारीख. "मला पण आता लग्न करता येणार भावजी. त्याचे पेढे."

हे उठले. बूट घातले. सुट्टी असून ड्युटीवर गेले. दार आपटलं नाही. हळू लावलं. त्याचीच जास्त भीती वाटली.

गणू पण गेला.

मग मी पूजा केली. उपास होताच. इराने दिलेलं वडाचं चित्र फ्रिजला चिकटवलेलं. फ्रिज भिंतीला लागून, मागून दोरा जाईना, मैमुनाबीने ओढून पुढे घेतला. काही विचारलं नाही तिने. सात फेरे घातले फ्रिजला. हाच नवरा सात जन्म दे, म्हणायचं असतं. तोंडात शब्द आला आणि थांबला.

म्हटलं, संध्याकाळी सांगते देवा.

शनिवार, २२ जून

बोलत नाहीत. डबा नेला. रिकामा आणला.

रविवार, २३ जून

आई फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर पण मला ब्लॉक केलंय. सुट्टीचा दिवस, यांनी मिहिकाला पाठीवर घेऊन घोडा घोडा केलं, तिच्याशी बोलतात. माझ्याशी एकदाच बोलले. मैमुनाबीला माहीत आहे? मी म्हटलं, मी नाही सांगितलं. बरं, म्हणाले आणि परत मोबाइलमध्ये डोकं.

कोणाला सांगणार आहेत का? सुपरवायझरला? मला काही म्हणजे काही कळत नाही यांच्या तोंडावरून. सात वर्षं झाली लग्नाला. गणूच्या सोनापूरच्या खोलीवर कोणी गेलं तर? अजून सात दिवस आहेत.

दुपारी मैमुनाबी मसाला वाटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेढा मी पण खाल्लाय गो. कशाचा होता ते तेव्हा नाही कळलं. आता विचारणार पण नाही." मग म्हणाली, नारळ दे इकडे.

मी नारळ दिला. दोघींनी मिळून वाटण केलं. तिला कळलंय. आणि ती नारळ मागतेय.

सोमवार, २४ जून

शुभ्राचा मेसेज. पावतीचा फोटो. रत्नागिरी, नर्सिंग. खाली लिहिलंय, बाबा अजून रागात आहेत पण फी भरली. तुमच्या भावाला सांगा मी रागावले नाही.

आईला हा फोटो पाठवला. बघितलाय तिने, निळी खूण आली. उत्तर नाही. पण ब्लॉक केलेलं होतं ते काढलंय!

मंगळवार, २५ जून

हे ड्युटीवरून आले. हातपाय धुतले, चहा घेतला. माझ्यासमोर बसून गणूला फोन लावला. स्पीकरवर.

म्हणाले, "लग्नात नवऱ्याचा कान पिळायला आपल्याकडून भाऊ कोण आहे? तुला भाऊ नाही. म्हणजे मीच. त्या नोपला सांगून ठेव, मी येणार आणि जोरात पिळणार."

तिकडून आवाजच नाही. हे हॅलो हॅलो करत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, नेटवर्क गेलं वाटतं.